उगं बसायची सोय

बीड जिल्ह्यात माणसाला काहीही करता येतं, फक्त उगं बसता येत नाही. म्हणजे बसलेली माणसं कमी आहेत असं नाही. पारावर, पानटपरीवर, स्टँडवर, तहसीलच्या आवारातल्या लिंबाखाली माणसं सकाळपासून बसलेली असतात. पण त्यातला एकही जण उगं बसलेला नसतो. एक गाडीची वाट बघत असतो, दुसरा तलाठ्याची, आणि तिसरा या दोघांपैकी चहा कोण सांगतो याची. प्रत्येकाला काम असतं. "डोंगर बघत बसलोय" असं उत्तर आमच्याकडं कुणी देत नाही, आणि दिलंच तर ऐकणारा त्यावर समाधान मानत नाही.

मी ते देऊन पाहिलंय. श्रावणातली दुपार होती. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडं निघालो होतो. पाऊस नुकताच उघडलेला, बालाघाटाचा माळ कधी नव्हे तो हिरवागार, सीताफळीला हिरव्या गोट्या लागलेल्या, आणि ढगांच्या सावल्या एका डोंगरावरून उतरून दुसऱ्यावर चढत होत्या. मी मोटारसायकल कडेला लावली आणि मोरीच्या कठड्यावर बसलो.

पहिला मोटारसायकलवाला लगेच थांबला. "काय झालं सर, पंक्चर का?"

"नाही."

"पेट्रोल?"

"आहे की."

"मग?"

"काही नाही, बसलोय जरा. डोंगर बघतोय."

त्यानं डोंगराकडं बघितलं. डोंगर जागेवर होता. मग माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं बरंय ना, सर?" बरंय म्हटल्यावर त्याची काळजी आणखी वाढली, कारण ज्याच्या घरी सगळं बरं आहे तो माणूस भर दुपारी मोरीवर कशाला बसेल? तो गाडी लावून शेजारी बसला. दोन माणसं बसलेली दिसल्यावर तिसरा थांबला. तिघं झाल्यावर एक जीप थांबली. जीपमधल्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं खाली उतरायच्या आधीच प्रश्न टाकला, "कोणता गट नंबर?"

त्यानंतर डोंगराचं सौंदर्य संपलं आणि क्षेत्रफळ सुरू झालं. रोड टच किती आहे, एनए होतंय का, बायपास इकडून जाणार म्हणतेत ते खरं का, मोजणी झाली का. मी घडीभर ऐकून घेतलं आणि निघालो. माझ्या मागं मीटिंग चालूच होती. दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवतो न ठेवतो तोच सहकारी म्हणाले, "काय सर, माळरान घ्यायलाव म्हणं? आम्हाला सांगितलं बी न्हाई."

माणसांना नावं ठेवून उपयोग नाही. मूळ अडचण वेळापत्रकाची आहे. आमच्याकडं निसर्ग आणि सुट्टी एका महिन्यात येत नाहीत. मे महिन्यात शाळेला सुट्टी, कोर्टाला सुट्टी, आणि पारा बेचाळिसावर. डोंगर तेव्हाही असतात, पण आपल्याकडं कुणी बघावं अशा अवस्थेत ते नसतात. जून-जुलैत सगळा जिल्हा आभाळाकडं बघतो खरा, पण उधारी बुडवणाऱ्याच्या घराकडं सावकार बघतो तसा. वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आमचा. तोही चार दिवसांत पडून मोकळा होतो आणि सरासरी गाठली म्हणून कागदावर शाबासकी घेतो. काळा ढग पुण्या-मुंबईत दिसला तर लोक भजी तळतात. आमच्याकडं प्रश्न एकच, पेरू का थांबू?

श्रावण ते दसरा हा काय तो आमचा हिरवा हंगाम. नेमकी तेव्हाच खुरपणी, फवारणी, पोळा, गणपती, महालक्ष्म्या आणि सोयाबीनची काढणी. ऐन काढणीत इंद्रधनुष्य उमटलं तर त्याच्याकडं बोट दाखवणाऱ्याला घरातून दम मिळतो, कारण त्या सात रंगांच्या खाली भिजत पडलेल्या ढिगाला बाजारात एकच रंग येतो, काळा. पुढं सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यावर काम करणारं संशोधन केंद्र अंबाजोगाईत आहे, सगळं झकास आहे. आणि माळावर फळं डोळे उघडू लागतात त्याच सुमारास गावंच्या गावं ट्रॅक्टर-ट्रकात बसून ऊसतोडीला निघतात. फळ मानांकनासकट मागं राहतं.

आमच्या पूर्वजांनी हे सगळं ओळखलेलं असावं. हा माणूस नुसता धबधबा बघायला घराबाहेर पडणार नाही, त्याला कारण लागेल, म्हणून त्यांनी धबधब्याजवळ देवाला नाहीतर संताला बसवून ठेवलं. पटत नसेल तर जिल्हा फिरून बघा. कपिलधारला उंचावरून पाणी कोसळतं, तिथं मन्मथस्वामींची समाधी. कार्तिक पौर्णिमेला महाराष्ट्र-कर्नाटकातून वीरशैव भाविक येतात, तेव्हा दरीत पाय ठेवायला जागा नसते. सौताड्याला विंचरणा नदी थेट दरीत उडी घेते, तर दरीच्या तळाशी रामेश्वर हजर. अंबाजोगाईच्या गावाबाहेरची दरी पावसाळ्यात बघत राहावी अशी असते, तिथं आद्यकवी मुकुंदराज. शके १११०, म्हणजे ११८८ साली 'विवेकसिंधू' लिहिला म्हणतात. एवढा मोठा ग्रंथ लिहायला एवढी निवांत जागा लागली असणार. याच गावातल्या दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिल्या असं सांगतात, आणि कागद पुरला नाही की काय, पण एक प्रकरण चक्क कापडाच्या पासोडीवर लिहून काढलं. त्यांना "सध्या काय करायलाव?" असं रोज कुणी विचारत होतं का, याची मला फार उत्सुकता आहे.

माझ्या घरचाच अनुभव सांगतो. "चल, कपिलधारचा धबधबा बघून येऊ" असं म्हटलं, की आतून आवाज येतो, "आणि दळण कोण आणायचं?" तेच "श्रावणी सोमवार आहे, कपिलधारला दर्शन करून येऊ" म्हटलं की दळणाचा डबा आपोआप कोपऱ्यात सरकतो. धपाटे होतात, दह्याचं मडकं निघतं, शेंगदाण्याची चटणी पुडीत बांधली जाते, शेजारच्या काकू येतात, काकूंची नणंद येते. तिथं पोचल्यावर दर्शन पाच मिनिटांत उरकतं. आणि मग दिवस मावळेपर्यंत कुणी हलत नाही. पोरं पाण्यात, पोरांच्या आया पोरांना बाहेर काढायला म्हणून पाण्यात. धोतर, सदरा, टोपी अशा पूर्ण पोशाखात एक आजोबा डोळे मिटून धारेखाली उभे होते. सून म्हणाली, "मामंजी, सर्दी होईल, निघा आता." आजोबांनी डोळे न उघडता सांगितलं, "तीर्थ आहे." तीर्थ म्हटल्यावर सून काय बोलणार? बराच वेळ त्यांनी ते तीर्थ टाळूवर घेतलं. घरी आल्यावर गल्लीत सगळे विचारतात, "झालं का दर्शन?" आपण म्हणायचं, "लई छान झालं." भिजलेल्या कपड्यांचं बोचकं तेवढं पाठीमागं धरायचं.

देवाचं निमित्त नसलं की काय होतं ते नायगावला जाऊन बघावं. पाटोदा तालुक्यातलं हे मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. जवळपास तीस चौरस किलोमीटर डोंगररान आणि त्यात मोर. पण मोराचं देऊळ नाही. तसा तो कार्तिकस्वामींचं वाहन आहे. पण मालक नसताना नुसत्या वाहनाला हात कोण जोडणार? त्यामुळं मोर बघायला म्हणून मुद्दाम गेलेला माणूस मला क्वचितच भेटतो. भेटतात ते म्हणतात, "पाटोद्याला काम होतं, वाटेत मोर आडवा आला." तिकडच्या मोरांनाही हे ठाऊक झालंय की काय कोण जाणे, पण रस्ता ओलांडताना ते आपण होऊन दोन क्षण थांबतात. कामाचा माणूस आहे, फार वेळ नसणार याला, अशा हिशेबानं.

देवाशिवाय चालणारं एकच ठिकाण मला माहीत आहे, ते म्हणजे बिंदुसरेची चादर. पालीचा बिंदुसरा प्रकल्प भरला आणि सांडव्यावरून पाणी पसरून पडायला लागलं, की बीड शहराला कुणी काही सांगावं लागत नाही. दुकानदार पोराला गल्ल्यावर बसवून निघतो, पोरगं शेजाऱ्याला बसवून निघतं. म्हाताऱ्या नाती-नातवंडांच्या आधारानं येतात. कुणी दळणाचं नाव काढत नाही. माणसं नुसती उभी राहून पाण्याकडं बघतात, आणि "काय बघायलाव?" असं त्यांना कुणी विचारत नाही. कारण बघणाऱ्यांत टँकरमागं घागरी घेऊन पळालेल्यांची संख्या मोठी असते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही त्यांची कीव करायची की हेवा, हेच ठरत नव्हतं. बीड शहराला रेल्वेच नव्हती. ती २०२५ साली आली. त्यामुळं चादरीपुढं उभा असलेला बीडकर शांत दिसला तरी आतून गणित करत असतो. हे पाणी किती महिने जाईल, रब्बीला एखादं आवर्तन मिळेल का, नळ किती दिवसांआड येईल. मग कुणीतरी पुढारी येतात, जलपूजन होतं, साडीचोळी आणि नारळ पाण्यात जातो, फोटो निघतो. फोटोत पुढारी पाण्याकडं पाठ करून उभे असतात. त्या गर्दीत पाण्याकडं पाठ असलेले तेवढेच.

झाडांची पंचाईत राहिली होती, तीही २०२० साली मिटली. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर झाडं लावली होती. तिथं १३ आणि १४ फेब्रुवारीला वृक्ष संमेलन भरलं, आणि अध्यक्षपदी निवड झाली वडाच्या झाडाची. मराठी माणूस झाडाखाली बसत नसेल, पण संमेलनाला बसतो, हे ज्यानं ओळखलं त्याला माझा नमस्कार. आयुष्यभर दारातल्या लिंबाकडं मान वर करून न बघितलेली माणसं स्वच्छ कपडे घालून झाडं बघायला डोंगरावर गेली. आम्हा मास्तरांना सहल काढायला लेखी कारण मिळालं. आणि अध्यक्ष तर असे की मी तसे दुसऱ्या कुठल्या संमेलनात बघितले नाहीत. निवडीवरून वाद नाही, मानधनावरून वाद नाही, भाषण लांबलं म्हणून जेवणं खोळंबली नाहीत, आणि समारोप झाल्यावर ते जागचे हललेही नाहीत.

आता हे झालं आम्हा इथल्यांचं. जे इथून उठून पुण्याला गेले, त्यांना निसर्गाची ओढ फार. आमचे दाजी मूळ केज तालुक्यातले, आता हिंजवडीला असतात. लहानपणी ढोरांमागं राहिलेला माणूस. तेव्हा रानातून पळून शाळेत जायचे, आता शाळेत शिकलेल्याच्या जोरावर पैसे भरून रानात जातात. पुण्याजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रात डोई इतके रुपये मोजून त्यांनी हुरडा खाल्ला, बैलगाडीत बसले, वर विहिरीचं पाणी शेंदून बघायला मिळालं याचं कौतुक सांगत होते. ते ऐकून माझ्या आईनं कपाळावर हात मारला आणि यंदा हुरड्याला आपल्याच रानात यायचं असं फर्मान काढलं.

जानेवारीत ताई आणि दाजी आले. दाजींच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. बांधावर पोचल्या पोचल्या त्यांनी जाहीर केलं, "दोन दिवस फोन बंद. काही करायचं नाही. नुसतं बसायचं." आणि काही न करण्याचा कार्यक्रम समजावून सांगितला. सकाळी अनवाणी चालणं, मग अर्धा तास झाडाखाली, मग मौन. जपानात १९८२ साली तिथल्या वनखात्यानं 'शिनरिन-योकू' नावाचा प्रकार काढला, म्हणजे जंगलातली आंघोळ, ताणावर फार चांगली, असंही सांगितलं.

आगटीपाशी आमच्या बांधाशेजारचे आबा बसले होते. म्हणाले, "आंघोळ जंगलातच होती आमची, दाजी. मोरी न्हाई घरात."

आगटी म्हणजे जमिनीत उकरलेला खड्डा, त्यात पेटवलेल्या गोवऱ्या. निखारा राखेआड धुमसायला लागला की ज्वारीची दुधातली कणसं त्यात खुपसायची, आणि दाण्यांनी चटचट आवाज केला की ओढून काढायची. तिथून पुढं सगळा तळहाताचा कारभार. गरम कणीस दोन्ही हातांत धरून चोळायचं, वरचा कोंडा फुंकून उडवायचा, आणि हिरवे मऊ दाणे समोरच्याच्या ओंजळीत ओतायचे. आबांच्या तळव्यांना निखाराही पोळत नसावा. दाजींनी हौसेनं एक कणीस हातात घेतलं आणि ते मौन पाळायच्या आत "आई गं" म्हणाले. गुळभेंडीचा हुरडा, गूळ, जवसाची चटणी, त्याच आगटीत भाजलेलं वांगं आणि ताक. पुण्यातल्या केंद्रावर बरोबर पॉपकॉर्न होते, असं ताईनं हळूच सांगितलं.

आबांची दोन नातवंडं आगटीभोवती खेळत होती. पोरगा आणि सून दिवाळीच्या आधीच कारखान्याला गेलेली. जानेवारीत आमच्या भागातल्या कितीतरी वस्त्यांवर हेच चित्र असतं, म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. कोपीत, उसाच्या फडात, साखर कारखान्यांच्या आसपास बाकीचा गाव. आबांनीही उभं आयुष्य तेच केलं, आता गुडघे गेल्यामुळं घरी.

तेवढ्यात दाजींचं घड्याळ थरथरलं. दाजींनी ते बघितलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"काय झालं?" आबांनी घाबरून विचारलं.

"काही नाही, घड्याळ सांगतं. थोड्या थोड्या वेळानं श्वास घ्या म्हणून."

आबांनी यावर बराच विचार केला. "आन्‌ न्हाई सांगितलं तर?"

दाजी हसले. हुरडा पोटात गेला होता, वारं गार होतं, करडई फुलावर आली होती. त्यांना भरून आलं असावं. म्हणाले, "आबा, खरं सांगू का? कंटाळा आला त्या शहराचा. वाटतं, सगळं सोडावं आणि सहा महिने असं मोकळ्या आभाळाखाली राहावं. निसर्गाच्या सान्निध्यात."

आबा सरसावून बसले. इतका वेळ या पाहुण्याचं नेमकं काय दुखतंय ते त्यांना कळत नव्हतं. आता कळलं, आणि औषधही जवळच होतं. "मग आधी बोलायचं न्हाई का? मुकादम आमच्या वळखीचा आहे. आवंदाचा हंगाम निम्मा सरला, पर पुढच्या दसऱ्याला बसवून देतो तुम्हाला गाडीत. जायच्या आधी उचल मिळंल. कोपी बांधायला जागा मिळंल. वर आभाळ, खाली रान, इकडून बी ऊस, तिकडून बी ऊस. पहाटं तीनला उठावं लागतंय, पर सूर्य उगवायचा चुकत न्हाई कधी. पट्टा पडला की थेट उन्हाळ्यात घरी."

दाजी ओशाळून हसायला लागले. पण आबा चेष्टा करत नव्हते, हिशेब करत होते. "एक अडचण हाय. कोयता जोडीचा असतोय. ताईला यावं लागंल."

"मी न्हाई येणार," ताई म्हणाली. तिनं आगटीतलं वांगं काट्यानं उलटं केलं. "यांना रस बी बर्फाशिवाय चालत न्हाई."

"मग एकट्याचा अर्धा कोयता," आबा म्हणाले. "उचल बी अर्धीच."

दाजींचा नाइलाज होता. माणूस कितीही निसर्गात बसवला तरी नोकरीची सवय जाते कुठं? "त्यातून काही कापून घेतात का?" त्यांनी विचारलं.

"कापतेत की." आबांनी पुढचं कणीस आगटीतून ओढलं आणि चोळायला घेतलं. "एक दिवस खाडा झाला, की कामाचं तर जातंयच, वरून दंड बी कापतेत."